काकिएमोनचे हत्ती नक्की कुणाचे?

मातीवेडा: ब्रिटिश म्युझियममध्ये काकिएमोन (आरिताचं कुंभार घराणं) शैलीच्या हत्तींची जोडी आहे, साधारण १६६०-९० ची, जपानातल्या आरितात बनलेली. पांढऱ्या पोर्सेलिनवर (चिनी मातीवर) लाल-निळं-हिरवं-पिवळं काम, सोंड वर आणि डोळे अगदी माणसासारखे. सर हॅरी गार्नर यांच्याकडून १९८० मध्ये तिथे आली. मला वाटतं हिला सरसकट जपानी कला म्हणू नये. चीनमधली मिंग घराण्याची सत्ता कोसळली, तिथला पोर्सेलिनचा माल आटला म्हणून डच आरिताकडे वळले, १६५९ ला मोठी ऑर्डर दिली आणि मग असल्या मूर्ती युरोपातल्या बड्या घरांत जाऊन बसल्या, म्हणजे गिऱ्हाईक त्यांचं आणि आवडही त्यांचीच.

छिंटवाली: अजिबात पटलं नाही. आपल्या कोरोमंडल किनाऱ्याची छिंट, म्हणजे नक्षीचं सुती कापडसुद्धा युरोपला जायची, मग ती आपली नाही म्हणायची का? माती आरिताची, भट्टी आरिताची, हात त्यांचे. निगोशिदे ही काकिएमोन घराण्याची दुधाळ पांढरी माती १८ व्या शतकात बंद पडली होती, ती बाराव्या आणि तेराव्या काकिएमोननी (घराण्याचा प्रमुख हेच नाव लावतो) १९५३ ला परत जमवली. परक्याची आवड म्हणून कुणी एवढा जीव लावत नाही.

मातीवेडा: पण हत्ती बघा ना, कान केवढेसे! जिवंत हत्ती बघून केलेला वाटतच नाही. नागासाकीला शोगुनसाठी (जपानच्या लष्करी सत्ताधीशासाठी) हत्ती उतरला तो १७२८ ला, ही जोडी त्याच्या कितीतरी आधीची.

छिंटवाली: मग त्यात कमीपणा कसला? चित्रांवरून, ऐकीव माहितीवरून एवढा डौलदार प्राणी उभा केला, हीच तर कारागिरी.

भटक्या_सातारा: मुळात लंडनमध्ये कशाला ठेवलेत, जपानला परत द्या.

छिंटवाली: दादा, हा माल लुटीचा नाही, विकायलाच बनवलेला. इंग्लंडच्या बर्ली हाउस या बड्या वाड्यातल्या सामानाच्या १६८८ च्या यादीत जपानी पोर्सेलिनचे कुस्तीगीर नोंदलेत, असल्या जपानी मूर्ती तोवर तिकडे पोचल्या होत्या हे आपल्याला त्या यादीवरूनच कळतं. आणि आरितातसुद्धा युरोपातून विकत घेऊन परत आणलेल्या जुन्या पोर्सेलिनचा कानबारा संग्रह आहेच की.

मातीवेडा: मग माझंच म्हणणं खरं झालं ना! म्युझियमच्या पाटीवर नुसतं 'जपान, सतरावं शतक' एवढंच नको. कुणासाठी बनली, कुठल्या घरात होती, कुणी दिली, हेही तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहा.

छिंटवाली: लिहा की, पण आरिता सगळ्यात वर.