रक्त कमी आहे, पण कशामुळे? तुमचे अनुभव लिहा

तांदूळ निवडायला बसले की चार दाणे तोंडात टाकायची सवय मला कधी लागली, आठवत नाही. पुढे पुढे वाटीभर कच्चे तांदूळ संपायचे. सासूबाई म्हणायच्या, "तांदूळ खाऊन खाऊन पांढरी पडलीस." हिमोग्लोबिन ७.१ आलं, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) ४, तेव्हा कळलं की घडत होतं ते उलटं. अंगातलं लोह संपलं म्हणून तांदळाची ओढ लागली होती. गूळ, खजूर, बीट सगळं चालू होतं, पण महिन्याला आठ-आठ दिवस जाणाऱ्या रक्तापुढे ते कुठवर पुरणार? सोनोग्राफीत फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली गाठ, निघाला. 'चाळिशीत असं होतंच' म्हणत तीन वर्षं अंगावर काढली, याचं फार वाईट वाटतं. तुमचा ॲनिमिया कोणता निघाला, कसा कळला? सविस्तर लिहा, कुणाचं तरी निदान लवकर होईल.

*

ताई, माझी गोष्ट वेगळी. शाळेपासून लोहाच्या गोळ्या खाल्ल्या, हिमोग्लोबिन दहाच्या वर कधी गेलं नाही. गोळ्या चुकवते म्हणून आईची बोलणी खाल्ली ती वेगळीच. लग्न ठरल्यावर एका डॉक्टरांनी जुनाच रिपोर्ट नीट पाहिला. एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) ६३, म्हणजे पेशी बारीक, पण तांबड्या पेशी ५६ लाख, म्हणजे ५.६ दशलक्ष, भरपूर! ६३ ला ५.६ ने भागलं की ११ येतात. उत्तर १३ च्या खाली असेल तर थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराच्या सौम्य प्रकाराची, शंका घेतात. पक्कं निदान एचपीएलसीवर (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून पाहणारी तपासणी) झालं. फेरिटिन उत्तम होतं, इतकी वर्षं लोह उगाच घेतलं. दोघंही मायनर असलो तर दर गरोदरपणात मेजर, म्हणजे याच आजाराचा गंभीर प्रकार असलेल्या, बाळाची शक्यता २५ टक्के, म्हणून ह्यांचीही तपासणी केली. त्यांचा रिपोर्ट नॉर्मल आला, तेव्हा लॅबच्या पायरीवर बसून आम्ही दोघंही रडलो.

*

पुरुषांनीही हे वाचावं. वय ५४, जिना चढताना धाप, ईसीजी चांगला, हिमोग्लोबिन ८. मी टॉनिक मागितलं. डॉक्टर म्हणाले, "काका, आधी रक्त जातंय कुठून ते बघू." कोलोनोस्कोपीत मोठ्या आतड्यात गाठ सापडली. वेळेत काढली.

*

आमच्या बाबांचं बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं. एमसीव्ही ११२, म्हणजे पेशी मोठ्या. तळपायाला सतत मुंग्या. नुसतं फॉलिक ॲसिड दिलं असतं तर हिमोग्लोबिन सुधारलं असतं आणि नसांचं नुकसान होतच राहिलं असतं. इंजेक्शनं घेतली, मुंग्या हळूहळू कमी झाल्या.

*

पहिली पोस्ट माझीच. लोहाच्या गोळ्या कशा घ्यायच्या असं ज्यांनी विचारलंय त्यांना सांगते: शी काळी होते, घाबरू नका. चहा आणि कॅल्शियमची गोळी दोन तास लांब ठेवा, लिंबूपाणी चालतं. हिमोग्लोबिन १२ झालं तरी साठा भरायला मला पुढे तीन महिने गोळ्या चालू ठेवायला सांगितल्या. तांदळाची ओढ मात्र त्याच्या कितीतरी आधी, दुसऱ्याच आठवड्यात गेली.