चूक एकट्याला सांगावी की लाइनवर सगळ्यांसमोर?

भोसरीचा_गेज
भोसरी-चाकणचे कारखाने घ्या नाहीतर हिंजवडीची ऑफिसं, माणूस कामात हुशार म्हणून त्याला सुपरवायझर किंवा टीम लीड करतात. हाताखालच्या माणसाला चूक कशी सांगायची, हे मात्र त्याला कुणीच शिकवत नाही. माझं मत असं: चूक एकट्याला सांगायची, त्याच शिफ्टमध्ये, आणि पाच मिनिटांत बोलणं संपवायचं. चारचौघांत कधीच नाही.

सांगायचं काय? कधी घडलं, काय घडलं, त्यामुळे काय झालं. "चहानंतर पहिला पीस गेजवर न लावता लाइन सुरू झाली, चाळीस पीस रिवर्कला गेले." (गेज म्हणजे पीसचं माप तपासायचं साधन, रिवर्क म्हणजे पीस पुन्हा दुरुस्त करणं.) बस. 'निष्काळजी', 'दर वेळी', 'तुमचं लक्षच नसतं' हे शब्द त्यात येऊ द्यायचे नाहीत. स्वभावावर बोट ठेवलं की समोरचा स्वतःची बाजू मांडत बसतो आणि गेज राहतं बाजूला. मग विचारायचं, "काय अडचण आली?" आणि गप्प राहायचं. बहुतेक जण इथेच घसरतात. दोन-तीन सेकंदांची शांतता सोसवत नाही, म्हणून उत्तरही स्वतःच देऊन टाकतात. खरं कारण त्या शांततेनंतर बाहेर येतं: गेज कॅलिब्रेशनला (त्याची अचूकता तपासायला) गेलं होतं, किंवा आधीच्या शिफ्टनं सेटिंग बदलल्याचं सांगितलंच नव्हतं.

आणि आधी कौतुक, मग चूक, शेवटी पुन्हा कौतुक, हा प्रकार बंद करा. थोड्याच दिवसांत टीमला तो पाठ होतो. मग साहेब चांगलं बोलायला लागले की माणूस 'पण' कधी येतो याची वाट बघतो आणि मनापासून केलेलं कौतुकही वाया जातं.

चाकण_दुसरी_पाळी
असहमत, निदान शॉप फ्लोअरपुरता तरी. पन्नास जणांच्या देखत एकाला केबिनमध्ये नेलं की काचेतून सगळी लाइन बघते. तो बाहेर येईस्तोवर चार अफवा तयार असतात. कंत्राटी असेल तर 'उद्यापासून याचं गेट बंद' ही त्यातली पहिली. ज्याची अब्रू राखायला गेलात, तिचाच पंचनामा झाला.

त्याहून मोठा मुद्दा म्हणजे चूक सहसा एकट्याची नसते. पहिला पीस तपासायचा राहतो, कारण तासाचं टार्गेट डोक्यावर असतं आणि गेज दोन स्टेशनं पलीकडे ठेवलेलं असतं. तुम्ही एकाला समजावलंत, तो सुधारला. पुढच्या शिफ्टचा ऑपरेटर तेच करणार. टोयोटाच्या लाइनवर अडचण आली की कामगार इशाऱ्याची दोरी ओढतो किंवा बटण दाबतो आणि टीम लीडर तिथेच, सगळ्यांसमोर येतो. त्यात कुणाला कमीपणा वाटू नये, म्हणून चर्चा स्टेशनची होते, माणसाची होत नाही.

शिफ्ट बदलताना दहा मिनिटं उभ्यानंच बैठक घ्या. बोर्डवर स्टेशन नंबर आणि दोष लिहा, नाव लिहू नका. आधी लाइनवाल्यांना बोलू द्या, सुपरवायझरनं शेवटी बोलावं. तो आधी बोलला की बाकीचे नुसत्या माना डोलावतात.

फेज_तीन
आयटीत 'नाव लिहू नका' चालत नाही. सात जणांच्या टीममध्ये "रोलबॅकची (बिघडलेला बदल मागे घेण्याची) तयारी नव्हती" एवढं म्हटलं तरी सगळ्या नजरा एकाकडेच वळतात. म्हणून आधी त्याच्याशी स्वतंत्र बोलणं, मग रेट्रो, म्हणजे झालेल्या कामाचा आढावा घ्यायची टीमची बैठक. रेट्रोत घटनाक्रम तू मांडशील का, हे त्यालाच विचारावं. नको म्हणाला तर लीडनं मांडावा.

ग्रुप चॅटवर "हे कोणी केलं?" लिहू नका. तिथे तुमचा सूर पोचत नाही आणि स्क्रीनशॉट मात्र फिरत राहतो. "उद्या बोलायचंय" असा अर्धवट निरोपही नको, माणूस रात्रभर तर्क करत बसतो. "उद्या ११ वाजता, कालच्या रोलबॅकबद्दल, १५ मिनिटं" असं लिहा. रात्री क्लायंटचा कॉल संपल्या संपल्या हा विषय काढू नये, तेव्हा दोघंही थकलेले असतात.

सदाशिवपेठी_हिशेब
अव्रहाम क्लुगर आणि अँजेलो डिनिसी यांनी १९९६ साली फीडबॅकवरच्या जुन्या प्रयोगांचा मोठा आढावा घेतला. सहाशेहून जास्त निष्कर्ष एकत्र केले. सरासरीनं फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी फीडबॅकनंतर काम उलट घसरलं होतं. त्यांनी मांडलेलं कारण असं की लक्ष कामावरून स्वतःवर गेलं, की परिणाम कमी होतो. म्हणजे गेजवाल्यांच्या 'कधी घडलं, काय घडलं, त्यामुळे काय झालं' या तीन वाक्यांना आधार आहे.

माझा आक्षेप घाईला आहे. तुमचाच आवाज चढलेला असेल, बोलणं भरभर होत असेल, तर अर्धा तास थांबा, पाणी प्या, ती तीन वाक्यं कागदावर लिहा. लिहिताना 'नेहमी' आलं तर खोडा. अपवाद एकच: प्रेसमध्ये गार्डशिवाय हात जात असेल तर ओरडून मशीन थांबवा. तिथे कुणाला काय वाटेल याचा विचार करायचा नसतो.

भोसरीचा_गेज
अर्धा तास मान्य. उद्यावर मात्र ढकलू नका. आठवड्यानं पाळी बदलते आणि तो माणूस रात्रपाळीला गेला की विषय कायमचा राहतो. केबिनचंही पटलं. इन्स्पेक्शन टेबलापाशी उभ्याउभ्या बोलावं, तिथे दोघं बोलताना दिसणं रोजचंच असतं.

बोर्डाचं पटत नाही. तेवीस वर्षांचा ट्रेनी इंजिनिअर आणि पंचवीस वर्षं मशीनवर असलेला ऑपरेटर, अशी जोडी डोळ्यांसमोर आणा. टेबलापाशी पीस हातात देऊन "काका, हे कशानं झालं असेल?" विचारलं, तर काका फिक्स्चरची (पीस घट्ट धरणाऱ्या साधनाची) झिजलेली पिन स्वतः दाखवतात. तेच बोर्डासमोर विचारा. एकतर तोंड उघडणार नाहीत, नाहीतर युनियनच्या माणसाला बोलावतील.

चाकण_दुसरी_पाळी
काकांनी पिन दाखवली, ती कळली एका ट्रेनीला. रात्रपाळीला कोण सांगणार? तिथे त्याच पिनवर पुन्हा रिजेक्शन निघणार. काकांना विचारून ती बोर्डवर चढवा, आणि शोधल्याचं श्रेय द्यायला तिथे त्यांचं नाव जरूर लिहा.

एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका तपासल्या. चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या. तिथे लोक चूक बोलून दाखवायला घाबरत नव्हते, हे त्याचं कारण असावं असं त्यांच्या लक्षात आलं. म्हणून बोर्डवरचे दोष घटले की लगेच खूश होऊ नये, शिफ्ट संपताना रिवर्कची ट्रॉली मोजावी. बोर्डवर तीन आणि ट्रॉलीत तीस पीस असतील, तर लाइन लपवतेय. टेबलापाशी एकेकाशी बोलून हे तुम्हाला कसं कळणार?