ठिणगी तणसावर पडते

वणव्यापासून बचावासाठीच्या अनुदानाचा सगळा पैसा जाळरेषांवरच, म्हणजे आग पसरू नये म्हणून जंगलात मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यांवरच, खर्च व्हावा, घरांवर नको, असे एक मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. वणव्यात बहुतेक घरे थेट ज्वाळांनी नव्हे, तर वाऱ्यावर उडत आलेल्या ठिणग्यांनी पेटतात. म्हणूनच कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदा करून छप्पर आणि झरोके आगरोधक करण्यासाठी घरमालकांना अर्थसाहाय्य देण्याची वाट मोकळी केली.

आमच्या गडचिरोलीतील गावाजवळ मोहफुले वेचण्यासाठी पेटवलेला पालापाचोळा चैत्रात भडकला, तेव्हा जाळरेषा शाबूत असूनही ठिणगी तणसाच्या (धानाच्या पेंढ्याच्या) ढिगावर पडली आणि शेजारच्या काकांचा गोठा जळाला. तणस घरापासून दूर ठेवण्यासाठी लागणारी पत्र्याची साधी शेडसुद्धा धानाच्या एका पिकावर जगणाऱ्या कुटुंबाला परवडत नाही. अनुदान आधी त्या शेडसाठी मिळायला हवे.