जबड्याच्या सांध्यासाठी ओपीजी पुरेसा नाही का? सीबीसीटीविषयी शंका

मुलुंडकर (प्रश्न) :
माझ्या आईचे वय ५८ आहे. गेले आठ महिने भाकरी चावताना तिच्या उजव्या कानासमोर वाळू घासल्यासारखी करकर ऐकू येते आणि सकाळी उठल्यावर तोंडात जेमतेम दोन बोटे मावतात. ओपीजीत (दोन्ही जबडे एकत्र दाखवणाऱ्या सपाट एक्स-रेत) उजव्या काँडाइलचा माथा चपटा दिसतो, असे सांगून दंतवैद्यांनी सीबीसीटी (एक्स-रे किरणांनीच होणारा त्रिमितीय स्कॅन) लिहून दिला आहे. एक एक्स-रे झालेला असताना पुन्हा किरणोत्सर्ग कशासाठी, आणि त्यापेक्षा थेट एमआरआयच करावा का, हे कृपया समजावून सांगावे.

दंत-क्षकिरणतज्ज्ञ, परळ :
आपली शंका रास्त आहे. काँडाइल हे खालच्या जबड्याचे वरचे टोक. ते डोक्याच्या मध्यरेषेशी तिरके बसलेले असते आणि ओपीजीत त्यावर कवटीच्या तळाची व गालाच्या हाडाची सावली पडते, त्यामुळे डोके किंचित वळले तरी निरोगी माथाही चपटा भासू शकतो. सीबीसीटीत शंकूच्या आकाराचा किरणझोत डोक्याभोवती फिरतो, संगणक त्यातून घन प्रतिमा रचतो आणि मग काँडाइलच्या स्वतःच्या अक्षाला काटकोनात व समांतर असे पातळ काप पाहता येतात. माझ्या मते सारे महत्त्व या कापांच्या दिशेला आहे; सरधोपट काप घेतले तर महागड्या तपासणीतूनही ओपीजीइतकेच हाती लागते.

त्या कापांत हाडाचा कडक पृष्ठभाग कुठे झिजून तुटला आहे का, कडेला काट्यासारखे नवे हाड वाढले आहे का, पृष्ठभागाखाली पोकळी झाली आहे का आणि आतले हाड सर्वत्र घट्ट पांढरे झाले आहे का, हे शोधायचे असते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या डीसी/टीएमडी या जबड्याच्या सांध्याच्या विकारांच्या निदान-निकषांनुसार सांध्याची झीज यांवरून ठरते. नुसता चपटेपणा त्यात धरत नाहीत, कारण तो वयोमानाने किंवा सांध्याने भाराशी जुळवून घेतल्यानेही येतो.

एमआरआय सांध्यातली चकती, पाणी व सूज दाखवतो. सीबीसीटीत चकती दिसतच नाही. आईंचा आवाज 'टक्' असा एकदाच येत असता, तर मी आधी चकतीचा विचार केला असता. करकर मात्र हाडाकडे बोट दाखवते, म्हणून सीबीसीटीचा सल्ला मला योग्य वाटतो. त्याचा डोस ओपीजीपेक्षा जास्त, पण नेहमीच्या सीटीपेक्षा सहसा बराच कमी असतो.

डोंबिवलीची रुग्ण :
एक अनुभव सांगते. माझ्या वेळी केंद्राने छापील फिल्म तेवढी हातात ठेवली आणि दुसऱ्या डॉक्टरांना हवे तसे काप काढता आले नाहीत, म्हणून डायकॉम फाइल (स्कॅनची मूळ संगणकीय फाइल) असलेली सीडी आवर्जून मागून घ्या. दोन्ही सांधे एकाच स्कॅनमध्ये येतील, हेही आधीच विचारा. यंत्र फिरत असताना आवंढा गिळला तरी चित्र पुसट होते, हे आईंना अगोदर सांगून ठेवा.

मुलुंडकर :
दोघांचेही मनापासून आभार. रिपोर्टमध्ये झीज निघालीच, तर दुखणे आणखी वाढणार असे समजावे का?

दंत-क्षकिरणतज्ज्ञ, परळ :
नाही. चित्रातली झीज आणि दुखणे यांचा मेळ बसतोच असे नाही. माथा पुष्कळ झिजूनही न दुखणारे सांधे मी पाहिले आहेत. उपचार आईंच्या तक्रारीवर आणि प्रत्यक्ष तपासणीवर ठरतील. दात पूर्वीसारखे जुळेनासे झाले किंवा हनुवटी एका बाजूला सरकू लागली, तर मात्र पुन्हा स्कॅन करून आताच्या फाइलशी ताडून पाहावे लागेल, तेव्हा ती सीडी जपून ठेवा. दुसरे मत हवे असल्यास नायर रुग्णालय दंत महाविद्यालयात किंवा सीएसएमटीजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात मुखरोग व क्षकिरण विभागाची ओपीडी विचारा, आणि जाताना जुना ओपीजीही सोबत न्या.