टीव्हीवरच्या प्रेसिडेन्शियल डिबेट बघून कुणाचं मत खरंच बदलतं का?

पूर्वा_एनजे

नमस्कार मंडळी, इकडे न्यू जर्सीत आमच्या मराठी ग्रुपमध्ये हा विषय सारखा निघतो आणि दर वेळी जेवणाची पानं मांडली की अर्धवट राहतो, म्हणून इथे विचारतेय.

२०२४ ला दोन डिबेट झाल्या, २७ जूनला अटलांटात बायडन-ट्रम्प आणि १० सप्टेंबरला फिलाडेल्फियात हॅरिस-ट्रम्प. दुसरी साधारण ६.७ कोटी लोकांनी पाहिली आणि सीएनएनने लगेच बघणाऱ्यांना विचारलं तर ६३ टक्के म्हणाले हॅरिस सरस ठरल्या. नोव्हेंबरात काय झालं ते माहीतच आहे. आमच्यातले एक जण म्हणतात की हे सगळं चॅनेलच्या टीआरपीसाठी आहे, बंद करा. माझी मैत्रीण म्हणते की मग उरतं काय, फक्त ३० सेकंदांच्या जाहिराती आणि टेलिप्रॉम्प्टरवर वाचलेली भाषणं. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं आणि तेच मला खटकतंय. मी आता इथली मतदार आहे, २०२८ ला पुन्हा डिबेट येतील, तर त्या का बघायच्या आणि त्यात नक्की काय बघायचं? ज्यांनी याचा अभ्यास केलाय किंवा जुन्या डिबेट पाहिल्यात त्यांनी जरूर लिहा. कुठला पक्ष चांगला यावर वाद नको प्लीज.

दिगंत

पूर्वाताई, मत बदलतं का एवढाच प्रश्न असेल तर उत्तर आहे, फार कमी. कॅरोलिन ले पेनेक आणि व्हिन्सेंट पॉन्स या दोन अर्थतज्ज्ञांचा यावर मोठा अभ्यास आहे, १९५२ पासूनच्या १० देशांतल्या ६२ निवडणुका आणि ५६ टीव्ही डिबेट घेऊन त्यांनी तपासलं की डिबेटच्या आधी आणि नंतर लोकांचा कल किती हलतो, तर डिबेटचा म्हणून वेगळा असा परिणाम सापडला नाही. लोक प्रचाराच्या शेवटच्या दोन महिन्यांत मत बदलतात, नाही असं नाही, पण ते इतर बातम्या, चर्चा, माहिती साठत जाते त्यातून.

आणि निकाल बघा ना. २००४ ला पोलमध्ये केरी तिन्ही डिबेट जिंकले, निवडून आले बुश. २०१२ ला डेन्व्हरच्या पहिल्या डिबेटमध्ये ओबामा अगदीच मरगळलेले दिसले आणि रॉम्नी सरळसरळ जिंकले, तरी निवडणूक ओबामांचीच. २०१६ ला हिलरी क्लिंटन तिन्ही जिंकल्या, पुढचं तुम्हाला माहीत आहे. डिबेट बघणारा बहुतेक माणूस आधीच कुणाचा तरी असतो आणि तो आपल्या माणसाला टाळ्या द्यायला बसतो.

१९६० च्या केनेडी-निक्सन डिबेटची गोष्ट सगळे सांगतात, की रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकले असं वाटलं आणि टीव्ही बघणाऱ्यांना केनेडी. ती गोष्ट एका मार्केट रिसर्च कंपनीच्या छोट्याशा सर्व्हेवर उभी आहे, त्यात रेडिओवाले अगदी मोजके होते आणि ते मुळात कोणाचे मतदार होते हे कुणी धड तपासलं नाही. निक्सन गुडघ्याच्या इन्फेक्शनमुळे हॉस्पिटलमध्ये राहून आले होते, वजन उतरलं होतं, नीट मेकअप करून घेतला नाही, हे सगळं खरं. पण देशभरातून जेमतेम सव्वा लाखाच्या आतल्या फरकाने लागलेल्या निकालाचं श्रेय कुठल्याही एका गोष्टीला देता येतं, त्यातलीच ही एक.

अंतू_नागपूर

दिगंत, आकडे मान्य, पण तुम्ही उपयोगाचं माप एकच धरलंय असं मला वाटतं, मतं हलली का. अटलांटाची डिबेट आठवा. त्या दिवशी बायडन वाक्य अर्धवट सोडत होते, आवाज बसलेला, आणि दीड तास हे लपवायला कुणी मध्ये नव्हतं, एडिटिंग नव्हतं, आधी लिहून आणलेला कागद नव्हता. २१ जुलैला त्यांनी माघार घेतली. पक्षाच्या आत महिनोन्‌महिने जे कुणी उघड बोलत नव्हतं ते एका रात्रीत बोलावं लागलं. राष्ट्राध्यक्षपदाच्या माणसाची तब्येत आणि सावधपणा हा मतदाराच्या हक्काचा प्रश्न आहे आणि तो पाच कोटी लोकांसमोर आला तो फक्त डिबेटमुळे, दुसऱ्या कुठल्याही मार्गाने आला नाही. शिवाय ही डिबेट दोन्ही पक्षांच्या अधिवेशनांच्या आधी झाली म्हणून उमेदवार बदलता तरी आला, नेहमीसारखी सप्टेंबर-ऑक्टोबरात झाली असती तर काय केलं असतं?

दुसरं उदाहरण १९७६ चं. फोर्ड म्हणाले की पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही. प्रश्न विचारणारे न्यूयॉर्क टाइम्सचे मॅक्स फ्रँकेल थक्क झाले, त्यांनी पुन्हा विचारून सावरायची संधी दिली, आणि फोर्डनी पोलंडचं नाव घेऊन तेच परत सांगितलं. पोलंडमध्ये तेव्हा सोव्हिएत सैन्य होतं! पोलिश वंशाचे लाखो मतदार असलेल्या देशाच्या राष्ट्राध्यक्षाला हा प्रश्न तोंडावर विचारला गेला आणि दुसरी संधी देऊनही काय उत्तर आलं हे लोकांना कळलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

दिगंत

अंतूभाऊ, फोर्डचं उदाहरण दिलंत ते बरं झालं, कारण त्याची पुढची गोष्ट महत्त्वाची आहे. त्याच रात्री लोकांना विचारलं तेव्हा बऱ्याच जणांना फोर्ड ठीक वाटले होते. दुसऱ्या दिवशी पेपर आणि टीव्हीने तेच एक वाक्य लावून धरलं आणि मग लोकांचं मत पालटलं, समोरचे उमेदवार कार्टर जिंकले म्हणायला लागले. म्हणजे दीड तास स्वतः बघून जे वाटलं ते चर्चेने पुसून टाकलं. या वेळी ते वाक्य चुकीचंच होतं म्हणून ठीक, पण दर वेळी तसं नसतं. १९९२ ला थोरल्या बुशनी डिबेट चालू असताना घड्याळाकडे बघितलं, २००० ला अल गोर मोठ्याने सुस्कारे टाकत होते, आज लोकांना तेवढंच आठवतं. गोर आणि धाकटे बुश सोशल सिक्युरिटीवर काय बोलले ते कुणाला आठवतंय? तुमची अटलांटाची गोष्ट मात्र मला मान्य आहे, तिथे चर्चेने काही फुगवायची गरजच नव्हती.

पूर्वा_एनजे

मग असं करायचं का की डिबेट पूर्ण बघायची आणि संपली की लगेच टीव्ही बंद? आमच्याकडे नेमकं उलटं होतं, डिबेट अर्धी बघतात आणि नंतरची पॅनल चर्चा रात्री बारापर्यंत.

सुमेधा_पुणे

पूर्वा, टीव्ही बंद कर हे अगदी बरोबर. मी राज्यशास्त्र शिकवते, मुलांना आधी ट्रान्सक्रिप्ट वाचायला देते आणि मग व्हिडिओ दाखवते. १९६० पासूनच्या डिबेटचे ट्रान्सक्रिप्ट डिबेट भरवणाऱ्या कमिशनच्या वेबसाइटवर आहेत. वाचताना प्रश्न एका रंगाने आणि उत्तरातला जो भाग खरोखर त्या प्रश्नाला आहे तो दुसऱ्या रंगाने खुणावायचा, मुलांना धक्का बसतो दुसरा रंग किती कमी उरतो ते बघून.

पण या धाग्यावर एक गोष्ट सुटतेय ती म्हणजे प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीच्या डिबेट. ऑक्टोबरात दोन पक्षांचे दोन माणसं असतात, मतदाराचा पक्ष ठरलेला असतो. प्रायमरीत मात्र सगळे एकाच पक्षाचे, अर्ध्यांची नावं माहीत नसतात, तिथे डिबेट खूप काही हलवते. नोव्हेंबर २०११ मध्ये रिक पेरी म्हणाले मी तीन खाती बंद करणार, दोन सांगितली आणि तिसरं आठवेना, त्यांची मोहीम परत उभीच राहिली नाही (विसरलेलं खातं ऊर्जा, आणि पुढे ते त्याच खात्याचे मंत्री झाले). फेब्रुवारी २०२० मध्ये अब्जाधीश ब्लूमबर्ग यांनी जाहिरातींवर प्रचंड पैसा ओतून पोलमध्ये जागा मिळवली होती, लास व्हेगसला त्यांच्या पहिल्याच डिबेटमध्ये एलिझाबेथ वॉरन यांनी त्यांना कंपनीतल्या महिलांशी केलेल्या गोपनीयतेच्या करारांवर धरलं आणि त्यांना उत्तर देता आलं नाही. ४ मार्चला ते बाहेर. पैशाने विकत घेतलेली प्रतिमा तिथे उघडी पडली. म्हणून २०२८ ला ऑक्टोबरची वाट बघू नकोस, दोन्ही पक्षांच्या पहिल्या प्रायमरी डिबेट बघ, त्यासाठी २०२७ मध्येच सुरुवात करावी लागेल.

परदेशस्थ_मिलिंद

सगळ्यांचं वाचलं, छान चाललंय. मला राग येतो तो नियम कोण ठरवतं यावर. अमेरिकेत डिबेट घ्यायलाच हवी असा कायदा नाही. १९६० नंतर १९६४, ६८, ७२ अशा सलग तीन निवडणुका डिबेटशिवाय झाल्या, कारण जो पुढे असतो त्याला तिथे जाऊन फायदा नसतो. २०२४ ला तर दोन्ही प्रचार टीमनी १९८७ पासूनच्या कमिशनला बाजूला सारून थेट चॅनेलशी बोलून अटी ठरवल्या. म्हणजे परीक्षा देणाऱ्यानेच पेपर काढायचा. आणि तिसऱ्या माणसाला दारच बंद, पोलमध्ये किमान १५ टक्के पाठिंबा हवा हा कमिशनचा नियम. १९९२ ला अपक्ष उमेदवार रॉस पेरो यांना डिबेटमध्ये घेतलं आणि शेवटी त्यांना जवळपास १९ टक्के मतं पडली, १९९६ ला घेतलं नाही आणि ते ८ टक्क्यांवर आले. इतर कारणंही होती पण हे कारण नव्हतं असं कुणी म्हणू नये.

अर्जेंटिनात २०१६ चा कायदा आहे, राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांना डिबेट सक्तीची. जो येणार नाही त्याला सरकारकडून मिळणारी टीव्ही-रेडिओवरची प्रचाराची वेळ जाते, आणि स्टेजवर त्याची जागा इतरांच्या शेजारी रिकामी ठेवतात. मला हा नियम अमेरिकेत हवा आहे.

दिगंत

मिलिंद, सक्तीला माझा पाठिंबा. फक्त नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथेच सर्जिओ मासा आणि हाविएर मिलेई या दोन उमेदवारांची डिबेट झाली, बहुतेक विश्लेषक म्हणाले मासा जिंकले, आठवड्याने मिलेई साधारण ५६ टक्के मतं घेऊन निवडून आले. तेव्हा सक्ती निकाल बदलण्यासाठी नको, उमेदवाराला पळ काढता येऊ नये यासाठी हवी.

अंतू_नागपूर

हेच तर मी म्हणतोय वरती. आणि सक्ती करणार असाल तर दोन गोष्टी त्यात घाला, हॉलमध्ये प्रेक्षक नकोत आणि एक बोलताना दुसऱ्याचा माईक बंद. सप्टेंबर २०२० ला क्लीव्हलँडच्या ट्रम्प-बायडन डिबेटमध्ये सूत्रसंचालक ख्रिस वॉलेस बिचारे विनवण्या करत होते आणि कुणाचं एक वाक्य पुरं होत नव्हतं, पुढच्या नॅशव्हिलच्या डिबेटमध्ये सुरुवातीच्या दोन-दोन मिनिटांत माईक म्यूट ठेवले तर तेच दोघं बऱ्यापैकी ऐकू आले. १९६० ला शिकागोच्या स्टुडिओतही प्रेक्षक नव्हतेच, टाळ्या नाहीत की शिट्ट्या नाहीत. पूर्वाताई, त्या पहिल्या डिबेटचा पूर्ण व्हिडिओ ऑनलाइन आहे, तासाभराचाच आहे, तो आधी बघा आणि मग २०२० ची बघा.