पेंढ्याचे तंतू आणि प्लास्टिक: थोडी भर

'पेंढा मिसळला की प्लास्टिक मजबूत होतं' असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. ताठपणा नक्की वाढतो, पण आघात सोसायची ताकद बहुधा घटते. खरी अडचण तंतू आणि प्लास्टिकच्या जोडणीत आहे. तंतूतल्या सेल्युलोजला (तंतूचा मुख्य घटक) पाणी प्रिय, पॉलीप्रॉपिलीन या प्लास्टिकला नकोसं. त्यात पेंढ्यावर मेणाचा थर, भाताच्या पेंढ्यात तर सिलिकाही (वाळूत असतो तो पदार्थ) भरपूर. म्हणून मॅलेइक अनहायड्राइड (तंतूशी बंध जुळवणारं रसायन) जोडलेलं पॉलीप्रॉपिलीन थोडंसं घालतात; त्यानं पकड सुधारते आणि ओलावा शोषणंही कमी होतं. तंतू आधी नीट वाळवाच, नाहीतर वाफेचे बुडबुडे राहतात. मिसळताना तापमान साधारण २०० अंश सेल्सिअसच्या खाली ठेवायचं, कारण त्यापुढे तंतू करपू लागतात. नेहमीचं नायलॉन त्याहून जास्त तापमानाला वितळतं; त्याच्यासोबत हे अवघड जातं ते याचमुळे.