मदत हवी आहे: कोकम आगळाच्या स्टील टाकीला भोकं पडतायत

नमस्कार मंडळी, कुडाळजवळ आमचं छोटं कोकम युनिट आहे. यंदा प्लास्टिकचे ड्रम बाजूला ठेवून आगळासाठी (मीठ घातलेला कोकमाचा रस) ५०० लिटरची टाकी करून घेतली, ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा २ एमएम पत्रा, फॅब्रिकेटर म्हणाला फूडग्रेड आहे, आयुष्यभर बघायला नको. भरायच्या आधी हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, जंतुनाशक) टाकून धुतली आणि ते पाणी रात्रभर तसंच राहिलं. जूनमध्ये आगळ भरलं, गणपतीच्या आधी काढलं तर तळाला वेल्डच्या कडेकडेने तपकिरी ठिपके. नखाने खरवडले तर खाली बारीक खड्डे, एकात टाचणी घातली आणि टोक पलीकडून बाहेर! खालून ओल यायची ती मी पावसाची समजत होतो.

लोहचुंबक चिकटत नाही, तरी माल खोटा असेल का? भोकं वेल्डने बुजवून चालेल की सरळ ३१६ ग्रेडचं स्टील घेऊ?

प्रतिसाद १:
दादा, चुंबकावर जाऊ नका, २०२ ला (स्वस्तातलं स्टेनलेस) पण चिकटत नाही. आणि खरं ३०४ असलं तरी हेच झालं असतं. आगळ म्हणजे आंबट आणि वर भरमसाट मीठ, त्यातलं क्लोराइड स्टीलवरचा क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा कमजोर जागी फोडतं, मग खड्ड्याच्या आत आम्ल वाढत जातं आणि पापुद्रा परत धरतच नाही. तोंड सुईएवढं, आत पोकळ, त्यामुळे वरून बुजवलंत तर शेजारून फुटेल. हायपोत पण क्लोराइड असतं, ते रात्रभर ठेवलंत तिथेच अर्धा घात. वेल्डच्या कडेला निळसर-सोनेरी पट्टा आहे का बघा, त्याच्याखाली क्रोमियम कमी झालेलं असतं, नुसतं बफिंग करून भागत नाही, पिकलिंग पेस्ट लागते, म्हणजे तो थर काढणारी आम्लाची पेस्ट (हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं त्यात, घरी हात लावू नका).

३१६एल मध्ये २-३% मॉलिब्डेनम असतं, फरक नक्की पडतो, पण महिनोन्महिने आगळ साठवायला मी तेही घेणार नाही. त्याला आपला फूडग्रेड ड्रमच बरा. टाकी दुरुस्त करून अमृत कोकमला वापरा, त्यात साखर जास्त, मीठ नावापुरतं, आणि काम झालं की लगेच गोड्या पाण्याने धुवून कोरडी पुसा.

धागाकर्ता:
आत्ताच टॉर्च मारून बघितलं, निळा पट्टा आहे, वेल्डभर. ड्रम नशिबाने विकले नव्हते. तळाचा अख्खा पत्रा बदलायचा विचार आहे, पण पिकलिंग नीट करून देणारा कुडाळ-सावंतवाडी बाजूला कोणी आहे का? आमचा फॅब्रिकेटर म्हणतो असलं काही लागत नाही.